नशीब, कसब आणि १३०५ फसली
जांब समर्थानजीकचे कुंभार पिंपळगाव आज जालना जिल्ह्यात मोडते. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता, आणि त्या अंमलातील जुगाराचा कायदा १३०५ फसलीचा, म्हणजे इसवी सन १८९५-९६ चा होता. जो खेळ केवळ कौशल्याचा, त्यास हा कायदा लागू नाही, अशी मोठी मार्मिक सूट त्यात होती. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्यातही ती आढळते. पत्ते आणि फासे यांच्यासाठी लिहिलेल्या या सवलतीचे खरे मर्म पिनबॉल नामक विलायती यंत्राचा इतिहास चाळताना ध्यानी येते.

इटली व स्पेन येथील कारखान्यांनी बनविलेल्या जुन्या विद्युत्-यांत्रिक पिनबॉलच्या काचेवर पुष्कळदा काऊबॉय, घोडे आणि पिस्तुले रंगविलेली असत. हा अमेरिकी पश्चिम उसनवारीचा खरा. पण दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६४ साली आपल्या चित्रपटासाठी तो स्पेनच्या अल्मेरियात उभा केला, आणि आपणही १९७५ च्या ‘शोले’साठी रामनगरच्या खडकांत तो वसविलाच, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यंत्राचे झाकण उघडावे, तर आत तारांचे जुडगे, रिले आणि कॉइली. पोलादी गोळी रबरी कड्याला थडकली की स्विचची दोन पाती जुळतात, रिले खट्‌कन ओढला जातो, घंटी वाजते, आणि गुणांचे आकडे छापलेले चक्र एक घर पुढे सरकते. गोळी वळविण्यासाठी खेळणाऱ्याने पेटीला वाजवीपेक्षा अधिक धक्का दिलाच, तर आत टांगलेला ओळंबा भोवतालच्या धातूच्या कडीला टेकतो आणि डाव तत्क्षणी खारीज होतो. अपिलाची सोय नाही.

मॉन्टेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली गोळी उडविणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीचे पेटंट घेतले, त्यानंतर दीर्घकाळ दांडी सोडणे व पेटी हलविणे एवढेच खेळणाऱ्याच्या हाती होते. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली पिनबॉलवर बंदी घालून यंत्रे घणाखाली फोडविली, तेव्हा गोळी परतविणारे फ्लिपर जन्मास यावयाचे होते. ते आले १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त. खेळ पालटला तरी मनाई कायम राहिली, हा सरकारी दप्तराचा जगभरचा स्वभाव. अखेर १९७६ साली रॉजर शार्प या पत्रकाराने नगरसभेच्या समितीसमोर, गोळी कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगून, दांडी ओढली. गोळी त्याच वाटेने गेली आणि बंदी उठली. माझ्या मते फ्लिपर आल्यावर पिनबॉल हा कसबाचाच खेळ झाला होता. त्यासाठी एवढ्या नाट्याची गरज नव्हती.

आपल्याकडे हा विवेक न्यायासनाने त्यापूर्वीच केला होता. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६७ साली त्याच १३०५ फसलीच्या कायद्याचा अर्थ लावताना न्यायालयाने ठरविले, की रमी हा तीनपत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे, तर मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे.