उन्हाची वहिवाट

सनदा, महजर, बखरी आणि शकावल्या यांची मीमांसा करण्यात आपल्या इतिहासपंडितांनी आयुष्ये वेचली. परंतु ज्या कारकुनाने ती सनद लिहिली, त्याचा अंगरखा दुसऱ्या दिवशी कोरडा होऊन त्याच्या अंगावर कसा चढला, याचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही. धुण्याविषयी थोडेफार लिहिले गेले आहे, कारण धुणे हा व्यवसाय होता, त्याला जात होती, हक्क होता, आणि हक्क आला की तंटा व तंटा आला की कागद हा आपल्याकडील क्रम ठरलेलाच आहे. वाळवण्याला असे दप्तर लाभले नाही. ऊन कोणाच्याच मालकीचे नाही म्हणून त्याची नोंद कोणी ठेवली नसावी. पण ते ज्या जागेवर पडते तिला मालक असतो, शेजारी असतो, येणारे-जाणारे असतात, आणि म्हणून ओले वस्त्र कोणी, कोठे, कोणाच्या देखत पसरावे याची एक अलिखित वहिवाट पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

ही वहिवाट सर्वांत कडक होती ती सोवळे पाळणाऱ्या घरांत. तेथे वस्त्र वाळले की नाही यापेक्षा ते वाळेपर्यंत कोणी शिवले की काय, याची चिंता अधिक असे. स्नानानंतर धुतलेले सुती वस्त्र दुसऱ्या दिवशीच्या पूजेला अथवा स्वयंपाकाला चालावयाचे, तर मधल्या काळात ओवळ्या माणसाचा, विशेषतः धावत्या पोरांचा, त्याला स्पर्श होता कामा नये. म्हणून माजघराच्या तुळयांना टांगलेली बांबूची वलणी हात पुरणार नाही इतक्या उंचीवर असे, आणि वस्त्र काठीच्या टोकावर घेऊन तिच्यावर टाकावयाचे व काठीनेच उतरवावयाचे, असा परिपाठ असे. पाणी पिऊन जड झालेले नऊ वारी लुगडे एका काठीवर पेलून, भिंतीला वा माणसाला लागू न देता, डोक्यावरच्या दांडीवर सारखे पसरणे हे कौशल्य ज्या वृद्ध स्त्रियांच्या हातात होते, त्यांचे कौतुक करणारे मला फारसे कोणी भेटलेले नाही. गंमत अशी की, जे वस्त्र घरात सर्वांत पवित्र मानलेले, त्याच्याच वाट्याला ऊन सर्वांत कमी येई. माजघरासारख्या अंधाऱ्या जागी, चुलीच्या धुराच्या संगतीत ते कसेबसे वाळे. पावसाळ्यात तेही होत नसे, आणि मग ओलेत्यानेच चुलीपुढे बसावे लागे. मुकटा, कद अथवा धाबळी यांना रोज धुण्याचा निर्बंध नसल्यामुळे ज्या घरी रेशमाची वा लोकरीची ऐपत होती, त्या घराला ही यातायात बरीचशी टळत असे. शुचितेचा नियम सर्वांना एकच होता. त्याचा भार मात्र ऐपतीप्रमाणे पडे.

ओवळ्या कपड्यांना एवढा बंदोबस्त नव्हता. ते परसात दोरीवर, कुंपणावर, गवताच्या गंजीवर कोठेही पडत. मात्र बायकांची लुगडी रस्त्याच्या अंगास घालू नयेत, आणि तान्ह्या मुलाची दुपटी तिन्हीसांजेनंतर बाहेर ठेवू नयेत, हे दोन नियम बहुतेक घरांत पाळले जात. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. एवढी सलग दोरी ज्या घराला नसे, त्या घरच्या स्त्रिया नदीवर धुऊन वाळवंटात किंवा घाटाच्या तापलेल्या पायऱ्यांवरच लुगडी पसरून, वाळली की घड्या घालून घरी आणीत. वाई, नाशिक, पंढरपूर येथील घाट बांधणाऱ्यांनी पुण्य जोडले ते स्नानाचे. वाळवणाची सोय त्यांच्या हातून आपसूक झाली. पुण्याकडे खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे होऊन मुठेचा कालवा वाहू लागला, तेव्हा त्याचे काठही याच कामी आले. पुढे पाच वारी पातळाने नऊ वारीला हटवले, त्याची कारणे सामाजिक इतिहासकार देतातच. दोरीची जवळजवळ निम्मी जागा मोकळी झाली, ही नोंद त्यांत घालावयास हरकत नाही.

गावगाड्यात परीट हा बलुतेदार असून, बलुत्यांच्या तीन ओळींपैकी मधल्या ओळीत कुंभार, चांभार व न्हावी यांच्याबरोबर त्याची गणना सामान्यतः केली जाई, आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने त्याला आपले बलुते मिळे. लग्नाच्या मिरवणुकीत पायघड्या घालण्याचा मान त्याचाच असे. रोजचे कपडे कुणबी आपल्या घरीच धुई. परटाकडे जात ते सणासुदीचे, लग्नकार्याचे, सोयरसुतकाचे. त्याच्या कामात वाळवणे हा शेवटचा, उरकून टाकण्याचा भाग नव्हता. कापड पांढरे होई ते तेथेच. खारवट मातीच्या पाण्यात भिजवलेले कापड भट्टीच्या वाफेवर ठेवावे, दगडावर आपटावे, आणि मग वाळूवर किंवा गवतावर पसरून, सुकत आले की पुन्हा पाणी शिंपडावे. कारण ओल, ऊन आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगानेच कापडाचा पिवळेपणा उडतो, नुसत्या उन्हाने तो तितकासा उडत नाही. परीटघडी म्हणून जिची वाखाणणी होते, ती अशी दिवसभराच्या उन्हातून निघालेली असे. याच जातीत अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी, म्हणजेच गाडगेमहाराजांनी, अंगावर आयुष्यभर चिंध्यांची गोधडी वागवून गावोगावचे रस्ते झाडले. परंपरेने ज्यांच्याकडे दुसऱ्यांचे पांढरे कपडे सोपवले, त्यांच्यातीलच एकाने पांढरपेशांना आरसा दाखवावा, हे मला नेहमीच लक्षणीय वाटत आले आहे.

मुंबईत हा सर्व व्यवहार एका अरुंद बेटावर येऊन पडला. धोबी तलाव हे नाव आज केवळ चौकाचे उरले आहे. एके काळी तेथे खरोखरच तळे होते, त्यावर धुणे चाले, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी फ्रामजी कावसजी यांनी मोठी रक्कम खर्च केल्यावरून सरकारने त्यांचे नाव त्याला दिले होते. 1860 मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि अशा तळ्यांची गरज संपत गेली; तळे बुजले, नाव राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी स्थानकालगत उभा राहिलेला धोबी घाट आजही चालू आहे. पुलावरून तो पाहणारे धुण्याच्या दगडी कुंड्यांची छायाचित्रे घेतात. पाहण्यासारख्या आहेत त्या खरे तर त्यांच्या माथ्यावरील दोऱ्या. दोन दोऱ्यांना एकत्र पीळ देऊन त्या बांबूंच्या आधाराने ताणलेल्या असतात, आणि कपड्याचे टोक त्या पिळाच्या फटीत सरकवले की चिमट्यावाचूनही समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला ते दाद देत नाही. शेकडो घरांचे कपडे एकाच उन्हात वाळत असताना ते ओळखावयाचे कसे, हा प्रश्न परटांनी बिब्ब्याने सोडवला होता. बिब्ब्याच्या काळ्या रसाने घातलेली खूण कितीही धुतली तरी जात नाही; ती कातडीलाही सुखाने राहू देत नाही, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर उठलेल्या पुरळांवरून त्यांच्या डॉक्टरांच्या ध्यानी आले, आणि 1943 मध्ये त्यांनी ते प्रसिद्धही केले. आपल्या आजीबाईंना हे आधीपासून ठाऊक होते.

उन्हाला सरकारी किंमत आली ती प्लेगमुळे. 1896 मध्ये मुंबईत साथ फुटली, पुढल्या वर्षी पुण्यात सोजिरांनी घरांत शिरून सामान रस्त्यावर काढले, कपडे-अंथरुणे जाळली. 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडून प्रकाश आणि हवा आत आणण्याची तजवीज आरंभली, आणि त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम हिरिरीने मांडला. भूमितीची भाषा बाजूला ठेवली तर त्याचा अर्थ इतकाच, की समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढे असावी. मजुराच्या खोलीत किती आकाश दिसावे याचे माप कागदावर आले, ही गोष्ट लहान नव्हे. पण ऑरसाहेबांच्या हिशेबात ऊन माणसांसाठी होते. ओल्या धोतरांचा विचार त्यात नव्हता. गिरगावच्या चाळींत तो प्रश्न सज्जाने सोडवला, कठड्यापासून वाशापर्यंत दोऱ्या बांधून; आणि सोवळ्याची जी वलणी वाड्यात कोणाच्या दृष्टीस पडत नसे, तिची लुगडी आता वीस बिऱ्हाडांच्या आणि रस्त्यावरच्या ट्रामगाडीच्या देखत लोंबू लागली. वरच्या मजल्याचे पाणी खालच्या वाळत आलेल्या कपड्यांवर ठिबकले म्हणून किती भांडणे झाली, त्याची गणती कोणत्याही कोर्टात सापडावयाची नाही. 1920 नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत तर सज्जाही नव्हता. मधोमध बोळ आणि दोन्ही अंगांस खोल्या अशी त्यांची रचना असल्यामुळे तेथील बिऱ्हाडांनी खिडकीबाहेर काठ्या काढून हवेतच आपली वहिवाट बसवली.

पावसाळ्यात मात्र वाडा, चाळ, झोपडी यांच्यात फरक उरत नसे. रत्नागिरीकडे, जेथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्याच्या शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी सुकवण्याची पद्धत होती. आषाढातल्या घरांना येणारा तो कुबट वास कोणत्याही साबणाने गेला नाही. सनलाइटने नाही, आणि पुढे 1959 मध्ये आलेल्या सर्फनेही नाही.

काथ्याच्या दोरीची जागा आधी लोखंडी तारेने घेतली, तिच्या गंजाचे डाग पडू लागले तेव्हा नायलॉन आला, आणि लाकडी चिमट्यांचे प्लास्टिकचे चिमटे झाले. आता महालक्ष्मीच्या घाटावरही वाळवण्याची यंत्रे चालतात. नव्या इमारतींच्या नकाशांत ‘ड्राय बाल्कनी’ नावाची एक चिंचोळी जागा स्वयंपाकघरामागे दाखवलेली असते, जिच्यात ऊन येईलच अशी हमी कोणी देत नाही. आणि दर्शनी बाजूस कपडे वाळत घालण्यास मनाई असल्याची नोटीस पुष्कळ गृहरचना संस्था लावतात, कारण त्यामुळे इमारतीची शोभा जाते. चादरी आणि पलंगपोस त्या बाल्कनीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी गच्ची आहे. पण गच्चीची किल्ली संस्थेच्या चिटणिसांकडे असते, आणि ती रविवारी सकाळी मागावी लागते.