जवाहर चौकातली हिरवी इमारत

भोपाळच्या जवाहर चौकाचा आणि आपल्या गोमंतकाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो वाटतो तितका लांबचाही नाही.

हा चौक आहे टी. टी. नगरात. भोपाळचा माणूस वस्तीचे नाव इतक्या सवयीने घेतो की त्यातली दोन अक्षरे कोणाची हे त्याच्याही ध्यानात राहत नसावे. ते आपले तात्या टोपे. येवल्याचा हा मराठी माणूस १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फासावर गेला आणि शंभर वर्षांनी भोपाळमधल्या सरकारी नोकरांच्या वसाहतीला त्याचे नाव मिळाले. योगायोग असा की त्या वसाहतीत राहायला आलेल्यांत मराठी बिऱ्हाडेही पुष्कळ होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी बनले. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन मराठी संस्थानांच्या शहरांतून चाले, तर विंध्य प्रदेशाचा रीव्याहून. या सगळ्या ठिकाणचे सचिवालय, त्यातले अव्वल कारकून, टंकलेखक, शिपाई, त्यांच्या फाइली आणि त्यांची बायकामुले एका नबाबी शहरात आणून उतरवायची होती. जुन्या भोपाळात एवढ्यांना जागा कुठली? म्हणून तळ्याच्या दक्षिणेला नवे शहर आखले गेले. नागपूर आणि ग्वाल्हेरहून आलेल्या मराठी कारकुनांचे घर म्हणजे टी. टी. नगरातले क्वार्टर. वरच्या साहेबाला मोठे, धाकट्या बाबूला धाकटे, अशी एफ, जी, एच अशा अक्षरांची त्यांची प्रतवारी होती. मी स्वतः कचेरीत बसणारा माणूस असल्यामुळे ही अक्षरे मला फार ओळखीची वाटतात. माणूस कुठल्या अक्षरात राहतो यावरून त्याचा पगार कळतो.

क्वार्टर काही सुंदर नव्हते. सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेले, पिवळा चुना फासलेले, बहुतेक एकमजली किंवा दुमजली. पण पुढे थोडी मोकळी जागा, मागे अंगण, अंगणात झाड. लोकांनी आपापल्या परीने कडुनिंब, आंबा, जांभूळ लावले. साठ वर्षांत झाडे घरांपेक्षा उंच झाली. भोपाळचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा गावात अंगणातला कडुनिंब ही चैन नव्हे, सोय असते.

आता दुसरी गोष्ट, जी याच सुमारास सातासमुद्रापार सुरू झाली. १९७३च्या तेलसंकटानंतर पाश्चात्य देशांत इमारती किती वीज खातात याचा हिशेब मांडायला लागले. काचेच्या बंद पेट्यांत कचेऱ्या थाटायच्या आणि त्या यंत्राने थंड-गरम करायच्या, ही रीत परवडेनाशी झाली होती. १९९०मध्ये इंग्लंडात 'ब्रीम' नावाची गुणांकन पद्धत आली. १९९३मध्ये अमेरिकेत हरित इमारतींची परिषद स्थापन झाली आणि तिने 'लीड' ही पद्धत १९९८पासून चालवली. पद्धत आपल्या शालान्त परीक्षेसारखी आहे. पाण्याला इतके गुण, विजेला इतके, साहित्याला इतके. बेरीज करायची आणि साधे प्रमाणपत्र, रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम अशी श्रेणी द्यायची.

भारतात हे लोण लवकर पोहोचले. हैदराबादेतील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर या इमारतीला २००३मध्ये ६९ पैकी ५६ गुण आणि प्लॅटिनम मिळाले. अमेरिकेबाहेर ती श्रेणी मिळवणारी ती पहिली इमारत. वास्तुविशारद होते बडोद्याचे करण ग्रोव्हर. गंमत बघा, या सर्वांत 'आधुनिक' इमारतीत होते काय? मधोमध चौक, भिंतीला जाळी, छपरावर माती आणि हिरवळ, हवा खाली आणणारे मनोरे. आपल्या आज्याला दाखवले असते तर तो म्हणाला असता, यात नवीन काय?

पुढे आपली देशी पद्धतही आली. दिल्लीच्या टेरी संस्थेने ती घडवली आणि २००७मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ती राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली. इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी अशी केली की नाव झाले 'गृह'. सुरुवातीच्या नियमांत शंभरांपैकी पन्नास गुणांना एक तारा आणि नव्वदीच्या पुढे पाच. त्याच वर्षी व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिताही आली. दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनाने २०१४मध्ये आपली वीज आपणच छपरावर करून दाखवली. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड महापालिकेने 'गृह' मिळवणाऱ्यांना घरपट्टीत सूट दिली. हे सगळे चांगलेच झाले. विजेचे बिल आणि पाण्याची टाकी या गोष्टी बिल्डरच्या कागदावर प्रथमच आल्या, हे या प्रमाणपत्रांचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

या दोन गोष्टींची गाठ जवाहर चौकात पडली.

२५ जून २०१५ रोजी केंद्राने स्मार्ट सिटी मोहीम जाहीर केली. २८ जानेवारी २०१६च्या पहिल्या वीस शहरांत भोपाळ होते. (आपली पणजी त्याच वर्षी मे महिन्यात यादीत आली.) मोहिमेच्या नियमांत एक वाक्य आहे: जिथे जुनी वस्ती काढून नवी उभारायची, तिथल्या किमान ८० टक्के इमारती ऊर्जा वाचवणाऱ्या आणि हरित असल्या पाहिजेत. भोपाळने नेमका तोच पर्याय घेतला, जुने काढून नवे उभारण्याचा. आधी ठरली होती शिवाजीनगर आणि तुळशीनगरची जागा. तीही सरकारी क्वार्टर्सची, दाट झाडीची. नागरिक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. मग योजना तिथून उचलून उत्तर आणि दक्षिण टी. टी. नगरात ठेवली गेली, सुमारे ३४२ एकरांवर. हिशेब सरळ होता. शहराच्या ऐन मध्यावर बैठी सरकारी घरे आहेत. ती काढायची, कर्मचाऱ्यांना उंच इमारतींत हलवायचे, मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड व्यापारी इमारतींसाठी विकायचे आणि त्या पैशांतून रस्ते, वाहिन्या, दिवे करायचे. जवाहर चौकापासून प्लॅटिनम प्लाझापर्यंत रुंद बुलेवार्ड झाला. क्वार्टर्स पडली. त्यांच्याबरोबर अंगणेही गेली आणि अंगणांतली झाडेही.

मला खटकते ते इथे. रिकाम्या झालेल्या भूखंडावर जी व्यापारी इमारत उभी राहील, ती हरित ठरण्याला काहीच अडचण नाही. तिच्या काचा उष्णता अडवतील, दिवे कमी वीज खातील, सांडपाणी शुद्ध होऊन बागेला जाईल, छपरावर सौर पट्टे बसतील. तिला तारे मिळतील आणि ते खोटे नसतील. पण परीक्षेची प्रश्नपत्रिका सुरू होते ती भूखंडापासून. त्या भूखंडावर काल काय उभे होते, हा प्रश्न तिच्यात जवळजवळ नाहीच.

आणि तो प्रश्न साधा नाही. सिमेंट भाजायला भट्टीत सुमारे १,४५० अंश उष्णता लागते. विटा भाजाव्या लागतात, पोलाद वितळवावे लागते, वाळू ट्रकने आणावी लागते. जगभरच्या कार्बन उत्सर्गापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. म्हणजे इमारत उभी राहते तेव्हाच तिच्या भिंतींत पुष्कळ ऊर्जा मुरलेली असते. वास्तुविशारद तिला इमारतीत साठलेली ऊर्जा म्हणतात. जुनी इमारत पाडली की ती ऊर्जा राडारोड्याच्या ढिगात जाते, आणि नवी बांधताना तितकीच किंवा अधिक पुन्हा जाळावी लागते. नव्या इमारतीने रोज थोडी थोडी वीज वाचवून हे कर्ज फेडायचे म्हटले तर कित्येक वर्षे जातात.

परीक्षा घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. 'लीड'च्या जुन्या नियमांत अस्तित्वातल्या इमारतीच्या भिंती, छप्पर, जमीन यांचा पाऊण हिस्सा राखून ठेवला तर एक गुण होता. आणि सायकली ठेवायला जागा व अंघोळीला मोरी केली, तर त्यालाही एकच गुण! सायकलींच्या स्टँडचा खर्च किती आणि जुनी वास्तू सांभाळून वापरण्याचा खटाटोप किती? शहाणा बिल्डर कुठला गुण आधी घेईल हे सांगायला नको. पुढे २०१३च्या आवृत्तीत इमारतीच्या जन्मापासून अंतापर्यंतच्या हिशेबाला अधिक वजन आले. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात जास्त झाडे लावण्याची अट 'गृह'मध्येही आहे. पण साठ वर्षांचा कडुनिंब आणि कुंडीएवढे रोपटे यांची बेरीज-वजाबाकी कागदावरच जमते. सावली पडायला माणसाची अर्धी नोकरी संपते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बैठ्या क्वार्टर्सचे गुणगान करणे सोपे आहे. पावसाळ्यात त्यांचे छप्पर गळे तेव्हा आत कोणी कविता करत नसे. शहराच्या मध्यावर माणसे दाटीने राहिली तर शहर बाहेर शेतांत कमी पसरते, बस धरून कामाला जाता येते, हा मुद्दाही खरा आहे. नगररचनाकार तो मांडतात आणि त्यात तथ्य आहे. पण घरे वाढवायची म्हणजे सगळे सपाट करूनच वाढवायची का? झाडे राखून, निम्मे ठेवून, निम्मे बांधून पाहिले असते तर भूखंडाचा भाव थोडा उतरला असता. माझ्या मते मुख्य अडचण तीच होती.

भोपाळकर मात्र हिशेब विसरले नाहीत. २०२४च्या जूनमध्ये मंत्री आणि आमदारांच्या नव्या बंगल्यांसाठी पुन्हा शिवाजीनगर-तुळशीनगरवर डोळा गेला. सुमारे २९,००० झाडे जाणार असल्याचे समजताच लोक पुन्हा उतरले आणि त्याच महिन्यात सरकारने प्रस्ताव सोडला.

आता गोव्याचा संबंध. याच भोपाळमध्ये आपल्या माणसाच्या दोन इमारती आहेत. चार्ल्स कुरैया मूळचे गोव्याचे. तळ्याकाठच्या उतारावरचे त्यांचे भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी खुले झाले. वरच्या रस्त्यावरून पाहिले तर इमारत जवळपास दिसतच नाही. गच्च्या आणि पायऱ्या दिसतात. दालने जमिनीत रोवलेली, खोल चौकांभोवती बसवलेली. मातीच भिंतीला थंड ठेवते. अरेरा टेकडीवरची विधानसभा १९९६मध्ये वापरात आली आणि १९९८मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. तिचेही तेच, एका वर्तुळात अनेक चौक. या इमारतींचा आराखडा झाला तेव्हा भारतात हरित प्रमाणपत्र नावाची वस्तूच नव्हती. आकार हवामानाने ठरवावा एवढे एकच सूत्र कुरैया धरून होते.

ते सूत्र त्यांना कुठे सापडले याची मला खात्रीने कल्पना नाही, पण गोमंतकीय माणसाला ते पाहताच ओळखीचे वाटते. चिऱ्यांच्या जाड भिंती, मधले राजांगण, पुढचा बलकांव, उतरती कौले, शिंपल्यांच्या तावदानांतून गाळून येणारा उजेड. आपल्या वाडवडिलांनी कोणाकडून गुण घेतले नव्हते. पाऊस आणि घाम हेच त्यांचे परीक्षक.

कुरैयांची आपल्याकडची कला अकादमी तुम्हाला-मला तोंडपाठ आहे. मांडवीच्या काठी बसकी, उघडी, वारा आरपार जाऊ देणारी. २०१९मध्ये तिचे खुले नाट्यगृह पाडण्याची भाषा निघाली तेव्हा कलावंत आणि वास्तुविशारद उठले आणि ती कल्पना मागे पडली. पुढे २०२१मध्ये नूतनीकरणासाठी ती बंद झाली, २०२३च्या जुलैत खुल्या रंगमंचावरचे छप्पर कोसळले, नोव्हेंबरात ती उघडली. त्या कामाबद्दल इथे इतके लिहून झाले आहे की मी भर घालत नाही. एवढेच नोंदवतो की जुनी वास्तू राखणे हे नवी बांधण्यापेक्षा जास्त कौशल्याचे काम आहे, आणि आपल्या निविदांत त्या कौशल्याचा रकाना नसतो.

ते जमते, याची उदाहरणे दोन्हीकडे आहेत. १९०९मध्ये पायाभरणी झालेला भोपाळचा मिंटो हॉल १९५६पासून चाळीस वर्षे विधानसभा म्हणून वापरला गेला. पुढे दुरुस्त होऊन तो सभा-संमेलनांचे केंद्र झाला आणि २०२१मध्ये त्याला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव मिळाले, तेही एक मराठी नाव. पणजीत गोमेकॉची जुनी इमारत २००४च्या इफ्फीसाठी सावरली गेली आणि तिच्यात आजारी माणसांच्या जागी सिनेमाचे लोक वावरू लागले. या दोन्ही ठिकाणी भिंतींतली ऊर्जा भिंतींतच राहिली.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे जुंता हाउस. लायसन्साच्या निमित्ताने पणजीतल्या या इमारतीचे जिने न चढलेला गोंयकार विरळाच. ती धोकादायक ठरली आणि पाडून त्या जागी नवी बांधण्याची योजना सरकारने मांडली. इमारत खरोखर मोडकळीला आली असेल तर पाडावीच लागते. डोक्यावर गिलावा पडू लागल्यावर तत्त्वज्ञान चालत नाही. पण नव्या इमारतीच्या दर्शनी भागात कधीतरी ताऱ्यांची पाटी लागेल, तेव्हा तिच्या फाइलीत आणखी दोन कागद असावेत अशी माझी अपेक्षा आहे. पहिला, जुन्या इमारतीचा कोणता भाग वाचवता आला असता याचा अभियंत्याचा लेखी अहवाल. दुसरा, तिचा राडारोडा कुठे गेला याची नोंद, कारण बांधकाम कचरा नियमांप्रमाणे तशी नोंद ठेवावी लागते. कुठल्या तरी शेतात किंवा मानशीजवळच्या खारफुटीत तो सापडला, तर त्या पाटीवरचा एक तारा कमी करायला हरकत नसावी.