श्रीलंकेला निघालात? आधी कुंभकोणमला उतरा

अलीकडे आपल्याकडून श्रीलंकेला अभ्याससहली जाऊ लागल्या आहेत. वीस-पंचवीस माणसं असतात, सोबत इतिहासाचा किंवा निसर्गाचा एखादा जाणकार असतो. सकाळी जंगल, दुपारी स्तूप आणि रात्री जेवणाआधी तासभर व्याख्यान. चांगलीच गोष्ट आहे. पण अशा मंडळींना माझं एक सांगणं असतं : विमान धरण्याआधी दोन दिवस कुंभकोणमला काढा. श्रीलंकेच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण कावेरीच्या याच खोऱ्यात सुरू होतं.

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर पळैयारै आहे. आज लहानसं गाव, पण एके काळी इथे चोळांचे राजवाडे होते. याच घराण्यातल्या पहिल्या राजराजाने इ.स. 993च्या सुमारास लंकेवर स्वारी केली. हजार वर्षांहून जुनी राजधानी अनुराधपुर उद्ध्वस्त झाली आणि चोळांनी पोलोन्नरुवला आपलं ठाणं केलं. पुढे 1017मध्ये, राजराजाचा मुलगा राजेंद्र याच्या काळात, लंकेचा राजा पाचवा महिंद राजचिन्हांसकट पकडला गेला. त्याला समुद्रापार चोळ देशात आणलं. बारा वर्षं कैदेत राहून 1029मध्ये तो इथेच वारला.

आता प्रश्न असा, की सहलीतल्या जाणकाराने हे कसं सांगायचं? तंजावरचं बृहदीश्वर मंदिर पाहून आलेला माणूस भारावलेला असतो. समुद्र ओलांडणारं आरमार म्हटलं की छाती फुगते. पण त्याच देवळातल्या शिलालेखात लंकेतली गावं देवाच्या खर्चासाठी लावून दिल्याची नोंद आहे. त्या गावांचा वसूल समुद्र ओलांडून तंजावरला यायचा. सिंहली बखरी सांगतात, की चोळांनी विहार फोडले आणि धातुगर्भातली संपत्ती नेली. पोलोन्नरुवचा स्थानिक वाटाड्या हीच गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेला असतो. आपण तिथे चोळांचा जयजयकार करत उतरलो, तर त्याच्याशी बोलणं तिथेच संपतं.

यावर उपाय कुंभकोणमजवळच आहे. चार किलोमीटरवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं, 2004पासून जागतिक वारसा यादीत असलेलं. इथे काळ्या दगडाची एक द्वारपालाची मूर्ती होती. आता ती तंजावरच्या संग्रहालयात आहे. तिची घडण तमिळ नाही. तिच्यावर तमिळमध्ये कोरलं आहे, की कल्याणपूर जाळून विजयराजेंद्राने हा द्वारपाल आणला. विजयराजेंद्र म्हणजे राजेंद्राचा मुलगा राजाधिराज, आणि कल्याणपूर म्हणजे चालुक्यांचं कल्याण, बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. लातूर-धाराशिवच्या माणसाला ते शेजारचं गाव आहे. ही मूर्ती पाहिली की अनुराधपुर थोडं वेगळं दिसू लागतं. ज्यांच्या राजधानीतून लूट गेली, त्यांत आपल्या शेजारचे लोकही होते.

आणि आपणही नेहमी लुटले गेलेलोच नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात बंगालमध्ये गेल्या. तिथल्या अंगाईगीतात ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर, पोरांना निजवायला दाखवायचं भय म्हणून आजही येतात. हे ठाऊक असलेला मराठी माणूस पोलोन्नरुवात जरा हळू आवाजात बोलेल.

पण गोष्ट केवळ लुटीचीही नाही. पोलोन्नरुवात चोळांनी बांधलेलं एक छोटं, अस्सल दगडी शिवमंदिर आजही उभं आहे. चोळ राणीच्या नावावरून त्याला वानवन्मादेवी ईश्वरम् म्हणत. 1070मध्ये पहिल्या विजयबाहूने चोळांना हाकललं, पण देऊळ राहिलं. पुढे त्याच नगरात बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराचं रक्षण करण्याची हमी ‘वेळैक्कार’ नावाच्या तमिळ लढवय्यांनी घेतली. तो शिलालेख तमिळ भाषेत आहे आणि आजही तिथेच उभा आहे. माणसं स्वारीबरोबर येतात, पण सगळीच स्वारीबरोबर परत जात नाहीत. हे कुंभकोणमच्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. व्यंकोजीराजांच्या मागोमाग, 1676नंतर आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828मध्ये याच गावात जन्मले.

आता निसर्गाकडे वळू. लंकेच्या कोरड्या भागात पाणी तळ्यांनी अडवलं, कावेरीच्या खोऱ्यात बंधारे आणि कालव्यांनी वळवलं. हे नातं दंतकथेतही उतरलं आहे : चोळ राजाने बारा हजार लंकावासी कावेरीच्या कामावर धरून नेले, आणि गजबाहू राजाने ते सोडवून, वर तितकेच चोळ कैदी आणले. पोलोन्नरुवजवळचं मिन्नेरिय तळं महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलं. उन्हाळ्यात त्याचं पाणी मागे सरतं, मोकळ्या काठावर कोवळं गवत उगवतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती तिथे जमतात. म्हणजे आपण ज्याला जंगल म्हणून पाहायला जातो, ते सतराशे वर्षांपूर्वीचं माणसाचं काम आहे. अशा वेळी इतिहासाचा जाणकार आणि निसर्गाचा जाणकार एकाच गाडीत हवेत.

जग समजावून सांगणाऱ्या जाणकाराची परंपराही या भागात जुनी आहे. 1798 ते 1832 या काळातले तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. देश, नद्या, बेटं, सगळं मराठीत.

तेव्हा मंडळी, क्रम असा ठेवा : पळैयारै, दारासुरम, तंजावरचा तो द्वारपाल आणि मग पोलोन्नरुव. प्रत्येक ठिकाणी आपल्या जाणकाराला एकच प्रश्न विचारा : ही गोष्ट हरलेल्या बाजूची माणसं कशी सांगतात? उत्तर आलं, तर सहलीचे पैसे वसूल झाले म्हणून समजा.