पाहुण्यांची वही कोणाच्या घरी?

सेलचं एखादं ईमेल आलं की त्यातली लिंक जरा निरखून बघा. प्रश्नचिन्हाच्या पुढे 'यूटीएम_सोर्स' असं लांबलचक शेपूट दिसेल. यूटीएम म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. अर्चिन हे सॉफ्टवेअर २०१२ मध्येच बंद झालं, पण त्याचं नाव आपण अजून रोज इकडून तिकडे फॉरवर्ड करतोय. हे शेपूट धरून मागे गेलं, की छोट्या वेबसाइटवर कोण आलं-गेलं हे मोजण्याचा बराचसा इतिहास हाती लागतो. माझ्या मते तो आकड्यांचा कमी आणि पाहुण्यांची वही कोणाच्या घरी राहिली याचा जास्त आहे.

सुरुवातीला वही आपल्याच घरी होती. सर्व्हरकडे कोणी काही मागितलं की तो लॉग फायलीत एक ओळ खरडतो: कुठला आयपी पत्ता, किती वाजता, कोणती फाइल, मिळाली की ४०४, किती बाइट. १९९५ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन टर्नरने या ओळी मोजणारा 'ॲनालॉग' हा फुकट प्रोग्रॅम काढला. मग वेबलायझर आला, एडब्ल्यूस्टॅट्स आला. स्वस्तातलं होस्टिंग घेतलेल्यांनी कंट्रोल पॅनलमध्ये हे दोघे नक्की पाहिले असतील.

पण लॉगचा हिशोब कच्चा. पानावर दहा चित्रं असतील तर एकाच माणसाचे अकरा हिट्स! तेव्हाच्या लाखो हिट्सच्या बाता त्यामुळे दहाने भागूनच ऐकायच्या. अख्खं कॉलेज एका प्रॉक्सीमागे बसलेलं असलं तर लॉगमध्ये सगळे मिळून एक पाहुणा. ब्राउझरने पान कॅशमधून उघडलं तर सर्व्हरला पत्ताच नाही. माणूस ओळखायचा कसा? याचं उत्तर नेटस्केपच्या लू माँटुलीने १९९४ मध्येच शोधून ठेवलं होतं: कुकी. नेटस्केपने ती पहिल्यांदा वापरली तीसुद्धा आपल्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, एवढंच बघायला.

आता अर्चिनकडे येऊ. सॅन डिएगोमधल्या एका छोट्या होस्टिंग कंपनीतल्या मुलांनी गिऱ्हाइकांचे लॉग वाचायला हे सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे त्यांनी जी युक्ती केली ती मला फार आवडते. पानात थोडी जावास्क्रिप्ट घालायची, तिने कुकी ठेवायची आणि एक बाय एक पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र मागायचं. मागणीच्या पत्त्यातच पाहुण्याची माहिती चिकटवलेली. चित्र आपल्याच सर्व्हरवर, म्हणजे ओळ आपल्याच लॉगमध्ये. माणूसही ओळखला गेला आणि वहीही घरातच राहिली.

एप्रिल २००५ मध्ये गूगलने अर्चिन विकत घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स सगळ्यांना मोफत दिलं. फुकट ते पौष्टिक! इतकी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी बंद करावी लागली, आणि दार सगळ्यांसाठी पुन्हा उघडलं ते ऑगस्ट २००६ मध्ये. पानात चिकटवायच्या फाइलचं नाव अजूनही अर्चिन डॉट जेएस होतं. तिच्यात '_यूसर्व्ह' नावाचं एक व्हेरिएबल होतं: शून्य म्हणजे नोंद आपल्या सर्व्हरवर, एक म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, दोन म्हणजे दोन्हीकडे. मूळ किंमत होती एक. सगळी वही या एका आकड्यावर गावाबाहेर गेली, आणि बहुतेकांनी ती फाइल उघडूनही बघितली नाही. बघणार तरी कशाला? रिपोर्ट देखणे होते, आणि स्वतःचा सर्व्हर सांभाळण्यापेक्षा चार ओळी कॉपी-पेस्ट करणं कधीही सोपं.

बिल आलं ते बऱ्याच वर्षांनी. मार्च २०२२ मध्ये गूगलने जाहीर केलं की युनिव्हर्सल ॲनालिटिक्स बंद होणार. १ जुलै २०२३ पासून साध्या खात्यांत नवी नोंद थांबली आणि जुलै २०२४ पासून जुना डेटा पुसायला सुरुवात झाली. नव्या जीए-४ ची रचनाच वेगळी, त्यामुळे जुने आकडे तिकडे नेताच येत नव्हते. मोठ्या कंपन्यांनी माणसं लावून सगळं उतरवून घेतलं. पण घरगुती मसाले विकणाऱ्या, क्लासेस चालवणाऱ्या माणसाचं काय? गेल्या पाच दिवाळ्यांत गिऱ्हाईक कुठून आलं, हे त्याला आता कुणालाच विचारता येत नाही. जीए-४ च्या साध्या खात्यात तर तपशीलवार नोंदी मुळात दोनच महिने राहतात. सेटिंगमध्ये जाऊन ते चौदा महिने करता येतं, पण तसं स्वतः जाऊन करावं लागतं.

वही घरी ठेवणारेही होतेच. २००७ मध्ये सुरू झालेलं पिविक, २०१८ पासूनचं मातोमो, आपल्याच सर्व्हरवर चालतं आणि जुने लॉगसुद्धा वाचतं. बसवायला एक शनिवार जातो. अपडेट करत राहावं लागतं, डेटाबेस फुगतो, हेही खरं.

असो. जीए लावलेलं असो वा नसो, होस्टिंगवाल्याने बंद केला नसेल तर तुमच्या साइटचा लॉग आत्ताही लिहिला जातोय. फक्त तो डाउनलोड करायचा तर लवकर करा, कारण जागा वाचवायला जुन्या फायली मधूनमधून उडवल्या जातात.