समुद्रतळांतील वाऱ्याची बखर

ताम्रपटांत राजांचीं दानें कोरलेलीं असतात, बखरींत लढाया असतात. वाऱ्यापावसाची नोंद मात्र दुष्काळ पडला तरच व्हावयाची. हिंदुस्थानांत हवामानखात्याची स्थापना झाली ती १८७५ सालीं. त्यापूर्वींच्या हजारों वर्षांत नैऋत्येचा मोसमी वारा कसा वाहत होता, हें कोणत्या दप्तरांत शोधावें? असें एक दप्तर अरबी समुद्राच्या तळाशीं आहे, आणि त्याचे लेखक आहेत वाळूच्या कणाएवढे जीव.

फोरॅमिनिफेरा हें त्यांचें शास्त्रीय नांव. एका पेशीचा हा जीव चुन्याचें कवच बांधतो. त्याच्या कांहीं जाती समुद्राच्या वरच्या थरांत तरंगतात, व मेल्यावर त्यांचीं कवचें तळाच्या गाळांत जाऊन पडतात. १८७२ ते १८७६ पर्यंत जगाचे समुद्र धुंडाळणाऱ्या ‘चॅलेंजर’ जहाजानें असा गाळ ठिकठिकाणांहून वर काढला. पुढें १९३५ सालीं वुल्फगांग शॉट या जर्मन शास्त्रज्ञानें ‘मेटिऑर’ जहाजानें अटलांटिकमधून आणलेले गाळाचे उभे नमुने तपासले. एक उष्णताप्रिय जात वरच्या थरांत होती, त्याखालीं नाहींशी झाली, आणि आणखी खालीं पुन्हां दिसूं लागली. मधला थर हिमयुगाचा होता! १९७१ सालीं जॉन इम्ब्री व निल्वा किप यांनीं या वाचनाला गणिताची शिस्त लावली. आजच्या गाळांतील जातींचें प्रमाण आणि वरच्या पाण्याची उष्णता यांचा मेळ घालावयाचा, व तोच हिशेब जुन्या थरांना लावावयाचा.

अरबी समुद्रांत मात्र हा हिशेब सरळ चालत नाहीं, आणि खरी मौज येथेंच आहे. पावसाळ्यांत नैऋत्येचा वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळें वरचें पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, लोटलें जातें. रिकामी होणारी जागा भरावयास खोलांतलें थंड, पोषक क्षारांनीं समृद्ध असें पाणी वर येतें. भर ग्रीष्मांत, तप्त वाळवंटाला लागून, समुद्र गार होतो. त्या पाण्यांत ग्लोबिजेरीना बुलॉइडिस नांवाची जात बेसुमार वाढते. एरवीं ती थंड प्रदेशांतील समुद्राची रहिवासी; म्हणून तिचीं कवचें विपुल दिसतांच नवखा वाचक ‘हिमयुग’ असें म्हणून मोकळा व्हावयाचा, आणि नेमका फसावयाचा.

कारण झालें तें उलटें. तेव्हांच्या गणनेनें १८,००० व आजच्या शुद्ध गणनेनें सुमारें २१,००० वर्षांपूर्वीं हिमयुग ऐन भरांत होतें. अमेरिकन संशोधक वॉरेन प्रेल यांना त्या काळच्या थरांत बुलॉइडिस रोडावलेली आढळली. जग गारठलें होतें, पण वारा मंद होता, आणि तळचें पाणी वर येत नव्हतें. सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं मात्र पृथ्वी उत्तरेकडील उन्हाळ्यांतच सूर्याच्या अधिक जवळ येई. आशियाची भूमि जास्त तापे, वारा जोरानें ओढला जाई, आणि त्या काळच्या गाळांत हीं कवचें दाटीनें सांपडतात.

१९८७ सालीं ओमानच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाला छिद्रें पाडून लांबच लांब नमुने काढण्यांत आले. त्यांपैकीं एकाच्या आधारें खरगपूरचे अनिल गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हां जेव्हां गारठला, तेव्हां तेव्हां आपल्याकडील मोसमी वाराहि मंदावला. कोठें ग्रीनलंडजवळचा बर्फ, आणि कोठें अरबस्तानचा किनारा!

तरी एक गोष्ट विसरतां कामा नये. शेतकरी विचारतो पावसाविषयीं, आणि कवच साक्ष देतें वाऱ्याची. वारा जोराचा असला म्हणजे प्रत्येक शिवारांत पाऊस पडलाच, असें नव्हे. म्हणून पावसाचा शोध घेणाऱ्यांना समुद्र सोडून जमिनीवर यावें लागतें, आणि गुहांत थेंबाथेंबानें सांचलेले चुनखडीचे स्तंभ कापून त्यांचे थर पाहावे लागतात.