शहरांची ओळख : चार प्रश्न



परीक्षेत 'भारतातील प्रमुख शहरे' हा प्रश्न आला की आपली मुले तो बरा सोडवतात. आग्रा म्हटले की ताजमहाल, सोलापूर म्हटले की चादरी, नाशिक म्हटले की द्राक्षे, अशा जोड्या त्यांना पाठ असतात. एवढ्याने गुण मिळतात, परंतु शहराची ओळख होत नाही. शेजाऱ्याचे नाव ठाऊक असणे वेगळे आणि शेजारी ओळखीचा असणे वेगळे. वर्गात मी विचारतो, "या शहराच्या इतिहासात तुमच्या मोहल्ल्याचे काय आहे?" तेव्हा चटकन हात वर येत नाहीत. ही शांतता मला काळजी करण्यासारखी वाटते. ज्या मुलाला गावाच्या इतिहासात आपली जागा दिसत नाही, तो स्वतःच्याच गावात भाडेकरूसारखा वावरतो.

यावर एक साधा उपाय सुचवितो. कोणत्याही शहरात गेलात तर त्याला चार प्रश्न विचारा. येथे पाणी कोठून आले? येथून रस्ता कोठे जातो? लोकांच्या हाताला काम कोणते? आणि गावाला नाव कोणी दिले? हे चार प्रश्न घेऊन आपण घरापासूनच सुरुवात करू.

नाशिकला पाणी गोदावरीचे. कोकणातून घाट चढून आलेला व्यापारी माल या परिसरातून देशावर जाई. मोगल अमदानीत या शहराचे नाव गुलशनाबाद होते; पेशवाईत नाशिक हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. जुन्या नाशकातील तांबट लेन तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्यांचे नाव सांगते आणि बागवानपुरा फळभाजीचा धंदा करणाऱ्यांचे. गल्लीच्या पाटीवर इतिहास लिहिलेला असतो, आपण तो पत्ता म्हणून वाचतो आणि पुढे जातो.

हाताच्या कामाचा फार जुना पुरावा शहराजवळच्या पांडवलेण्यांत आहे. तेथे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. उषवदाताने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या उत्पन्नातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. 2000 वर वर्षाचे उत्पन्न 240 आणि वीस जणांना प्रत्येकी बारा, म्हणजेही 240. हिशेब तंतोतंत जुळतो. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, फक्त उत्पन्न वापरावयाचे, असेही त्यात लिहिले आहे. व्याजाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तर वक्फची कल्पना ठाऊक असलेल्या वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल.

या लेखातून दोन गोष्टी ध्यानात येतात. राजघराण्यातील माणसाने आपली ठेव विणकरांच्या संघटनेवर विश्वासून ठेवली, इतकी त्या कारागिरांची पत होती. आणि आपल्या जिल्ह्यात माग चालतो आहे तो किमान एकोणीसशे वर्षे. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला आहे.

तोच मागाचा धागा धरून येवल्यास चला. येवल्याची पैठणी घरोघर ठाऊक आहे. रेशीम आणि जर यांचे हे काम अनेक समाजांच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जपले. 1857 च्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी तात्या टोपे यांचे जन्मगाव येवलेच. येथेच 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. पैठणीसाठी येवल्याला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

मालेगाव हे तर मागाचेच शहर. मोसम आणि गिरणा या नद्यांचे पाणी आणि मुंबई-आग्रा हमरस्ता, म्हणजे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. येथील भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1740 च्या सुमारास बांधविला. नाशकात गोदेच्या काठी ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारोशंकर. 1818 मध्ये इंग्रजांनी या किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा आतील अरब शिबंदीने निकराची झुंज दिली आणि मगच किल्ला पडला. पुढे 1857 च्या धामधुमीनंतर आणि दुष्काळांमुळे उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली, त्यांपैकी कित्येक येथे स्थिरावली. येताना त्यांच्यापाशी जमीनजुमला नव्हता. हातात हुन्नर होता आणि जिभेवर उर्दू होती. 1935 च्या सुमारास येथे यंत्रमाग आले आणि हातमागाच्या खटखटीची जागा यंत्राच्या खडखडाटाने घेतली. लांबून आलेल्या माणसांनी एका गावाला धंदा दिला आणि गावाने त्यांना घर दिले. मालेगावच्या मुलाने 'आम्ही मूळचे कुठले?' असे विचारले, तर त्याला दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

आता जिल्ह्याबाहेर पडू. दौलताबाद, म्हणजे यादवांची देवगिरी. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलविली आणि काही वर्षांतच तो बेत सोडून द्यावा लागला. फर्मानाने राजधानी हलविता येते; परंतु लाखो माणसांचा संसार फर्मानाने रुजत नाही. तरीही त्या स्थलांतरात जी माणसे दक्षिणेत आली, त्यांत सूफी बुजुर्ग होते. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यांपैकीच. त्यांची मजार खुलदाबादला आहे.

तेथून जवळच मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी येथे शहर वसविले. हा माणूस हबशी देशात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर निजामशाहीचा मुख्य प्रधान झाला. शहर वसविताना त्याने पाण्याचा विचार आधी केला. जमिनीखालून पाणी आणणारी त्याची नहर, 'नहर-ए-अंबरी', हे त्या काळच्या स्थापत्याचे मोठे काम आहे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना या शहराचे नाव औरंगाबाद झाले. 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. वली आणि सिराज या उर्दू कवींची नावे याच शहराशी जोडलेली आहेत. नावे बदलतात, त्यावर माणसे भांडतात. पण नहर खोदणारे हात आणि तेथे रचलेली गझल कोणत्याही पाटीवर अवलंबून नसते. मलिक अंबरची कबर खुलदाबादला आहे.

अहमदनगरही तसेच. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहाने ते वसविले. 2024 मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. या किल्ल्यात चाँदबिबीने मोगल फौजेला तोंड दिले. 1942 च्या 'चले जाव' आंदोलनात काँग्रेसच्या नेत्यांना याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथे लिहिले आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे येथेच लिहिली. तेच मौलाना पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. ज्याला अभ्यासाला शांत जागा मिळत नाही म्हणून तक्रार करावीशी वाटते, त्या विद्यार्थ्याने ती तुरुंगातील खोली आठवावी.

शेवटचे शहर बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, परंतु जुन्या खानदेशाची ही राजधानी. फारुकी घराण्यातील नसीरखानाने सुमारे 1400 मध्ये तापीच्या काठी हे शहर वसविले आणि त्याला खुलदाबादच्या हजरत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव दिले. पलीकडच्या तीरावरील जैनाबादला त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन यांचे नाव मिळाले. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकी राज्य संपले. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, इराणी पद्धतीने येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारातून आणि शंभराहून अधिक कुंड्यांमधून, केवळ उताराच्या जोरावर शहरात येई. पंप नाही, वीज नाही. तिथेही पुन्हा कापडाचाच धंदा.

वाचकहो, या साऱ्या प्रवासात एक गोष्ट सारखी दिसते. शहर वसविणाऱ्याचे नाव एकाचे असते, पण ते टिकवितात पाणी आणणारे, माग चालविणारे, भांडी घडविणारे आणि शिकविणारे. त्यांत भिक्षू आहेत, सूफी आहेत, हबशी आहेत, मराठे सरदार आहेत आणि उत्तरेतून आलेले मोमीन विणकरही आहेत. हा वारसा वाटून घेतला तर कमी होत नाही; पण कोणी सांगितलाच नाही तर एका पिढीत नाहीसा होतो.

म्हणून पालकांना एक विनंती. येत्या सुटीत मुलांना एकदा पांडवलेण्यांवर घेऊन जा, तो लेख दाखवा, आणि येताना जुन्या नाशकातील गल्ल्यांची नावे वाचीत या. लग्नकार्याला मालेगावला किंवा बुऱ्हाणपूरला जाल, तेव्हा अर्धा दिवस किल्ल्यासाठी आणि कुंडी भंडाऱ्यासाठी काढा. घरातील आजी-आजोबांना 'आपले घराणे येथे कसे आले?' हे मुलांना सांगायला लावा. आणि विद्यार्थ्यांनो, ते ऐकून एक वही करा. पहिल्या पानावर गावाचे नाव लिहा, खाली वरचे चार प्रश्न लिहा आणि उत्तरे शोधा. उत्तर मिळाले नाही तर जागा कोरी ठेवा आणि गावातील जाणत्या माणसाला विचारा.

आपल्या संस्थेच्या पुढील स्मरणिकेत अशा एखाद्या वहीतील चार पाने छापून आली, तर हा लेख लिहिण्याचा हेतू सफल झाला असे मी समजेन.