चिल्ड्रन (रॉबर्ट माइल्स)

चिल्ड्रन हे रॉबर्ट माइल्स या संगीतकाराचे १९९५ साली प्रकाशित झालेले इलेक्ट्रॉनिक वाद्यसंगीताचे सिंगल आहे. ट्रान्स संगीतातील 'ड्रीम ट्रान्स' किंवा 'ड्रीम हाऊस' या उपप्रकाराची ही सर्वाधिक परिचित रचना मानली जाते. माइल्सच्या *ड्रीमलँड* (१९९६) या अल्बममध्ये तिचा समावेश आहे.

पार्श्वभूमी

रॉबर्ट माइल्सचे मूळ नाव रोबेर्तो कोन्चिना. त्याचा जन्म ३ नोव्हेंबर १९६९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इटालियन आईवडिलांच्या पोटी झाला. पुढे हे कुटुंब इटलीत स्थायिक झाले आणि तेथे त्याने डीजे म्हणून काम सुरू केले.

या रचनेमागे दोन प्रेरणा असल्याचे माइल्सने सांगितले होते. पहिली म्हणजे युद्धग्रस्त युगोस्लाव्हियातील मदतकार्यावरून परतलेल्या वडिलांनी आणलेली बालकांची छायाचित्रे. रचनेचे शीर्षक त्यांच्याशी जोडलेले आहे. दुसरी प्रेरणा त्याच्या व्यवसायातून आली. त्या काळी इटलीत रात्रभर नाचून पहाटे मोटारीने घरी परतणाऱ्या तरुणांचे अपघाती मृत्यू हा गंभीर सामाजिक प्रश्न बनला होता. इटालियन भाषेत त्याला 'स्त्राजे देल साबातो सेरा', म्हणजे 'शनिवार रात्रीचे हत्याकांड', असे म्हटले जाई. कार्यक्रमाच्या अखेरीस वाजवता येईल आणि घरी निघण्यापूर्वी श्रोत्यांचे मन शांत करील अशी रचना माइल्सला हवी होती.

संगीतरचना

रचनेचा वेग मिनिटाला सुमारे १३७ ठोके, म्हणजे ट्रान्स संगीतात नेहमी आढळतो तेवढाच आहे. त्यामुळे तिचा शांत परिणाम मंद लयीतून आलेला नाही. पियानोवर वाजणारी साधी, पुनरावृत्त होणारी धून हा तिचा गाभा आहे. या धुनीखाली सिंथेसायझरवरील दीर्घ स्वरांचा पट पसरलेला असतो. तालवाद्यांचे ठोके काही काळ थांबतात, तेव्हा केवळ पियानो आणि हा स्वरपट ऐकू येतो. ठोके पुन्हा सुरू झाल्यावरही धून कायम राहते. त्यामुळे नृत्याची लय न तुटता उत्तेजना ओसरते. रचनेत गायन नाही.

आवृत्त्या आणि रीमिक्स

हे सिंगल अनेक आवृत्त्यांत प्रकाशित झाले. त्यांपैकी 'ड्रीम व्हर्जन' सर्वाधिक लोकप्रिय असून *ड्रीमलँड*ची सुरुवात तिनेच होते. 'ओरिजिनल व्हर्जन'ही याच अल्बममध्ये आहे. 'ईट मी एडिट' ही संक्षिप्त आवृत्ती आहे. ब्रिटिश ट्रान्स समूह टिल्ट याने केलेले रीमिक्स 'कोर्टयार्ड मिक्स' या नावाने ओळखले जाते.

नृत्यसंगीतात एकाच रचनेच्या अशा अनेक आवृत्त्या काढण्याची प्रथा आहे. क्लबमध्ये एका रचनेतून दुसरीत सहज जाता यावे म्हणून डीजेंना आरंभी व शेवटी केवळ ताल असलेली लांब आवृत्ती सोयीची ठरते, तर नभोवाणीला तीन-चार मिनिटांची आवृत्ती लागते.

प्रकाशन आणि प्रतिसाद

इटलीत हे सिंगल जो टी. व्हॅनेली या डीजेच्या डीबीएक्स या लेबलतर्फे प्रकाशित झाले. ब्रिटनमध्ये ते प्रथम प्लॅटिपस आणि नंतर डीकन्स्ट्रक्शन या लेबलांनी काढले. १९९६ मध्ये इटली, जर्मनी, फ्रान्स व स्वित्झर्लंडसह अनेक युरोपीय देशांच्या विक्रीसूचींत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ब्रिटनमध्ये त्याने दुसरा, तर अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० सूचीत एकविसावा क्रमांक गाठला. गायनविरहित नृत्यरचनेला एवढे यश क्वचितच लाभते. १९९७ मध्ये माइल्सला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय नवोदित कलाकाराचा ब्रिट पुरस्कार मिळाला.

वारसा

'चिल्ड्रन'च्या यशानंतर पियानोप्रधान ड्रीम ट्रान्स रचनांची लाट युरोपात काही काळ टिकली. माइल्स स्वतः मात्र या शैलीत अडकून राहिला नाही. त्याचे पुढील काम जाझ आणि ॲम्बियंट संगीताकडे झुकले. ९ मे २०१७ रोजी वयाच्या ४७व्या वर्षी इबिझा येथे त्याचे निधन झाले. पहाटेच्या परतीच्या प्रवासासाठी रचलेली ही धून आजही त्याची मुख्य ओळख आहे.